पऱ्हाटी कशी आहे? : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : एचआयव्हीच्या रुग्णांना जाणारे मोबाईल संदेश आणि त्या संदेशामागे लागणारा माणूस.

मंत्रीमहोदय, सविनय नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या आसपासच्या गावांत मी एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी फिरतीचं काम करते. ज्यांच्या गोळ्या संपत आल्या, ज्यांची तारीख चुकली, ज्यांची तपासणी राहिली, त्यांची नावं माझ्याकडे येतात. ड्यू लिस्ट आणि मिस लिस्ट म्हणतो आम्ही. त्यातल्या एकेकाला शोधून पुन्हा उपचार केंद्रापर्यंत नेणं हे माझं काम. मी स्वतः २००९ पासून याच गोळ्या घेते. नवरा ट्रकवर होता, नागपूर-हैदराबाद रस्त्याला. तो गेला आणि मग माझं रक्त तपासलं. हे सांगते ते दया मागायला नाही. फोनबद्दल पुढे जे लिहिणार आहे ते मी टेबलाच्या अलीकडे बसून पाहिलं आहे आणि पलीकडे बसूनही, एवढंच आपल्याला कळावं.

एका बाईची गोष्ट आधी सांगते. गाव, वय, सगळं गाळून सांगते. ती तुरीच्या शेंगा तोडायला गेली होती. घरात एकच फोन. तो दिवसभर पुतण्याच्या हाती, दहावीतलं पोरगं, व्हिडिओ पाहत बसलेलं. दुपारी संदेश आला. त्यात तिचं नाव होतं, एआरटी औषधं, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबणाऱ्या गोळ्या, घेण्याची तारीख होती आणि केंद्राचं नाव होतं. पोराने तो मोठ्याने वाचला. ‘एआरटी’ म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याच फोनवर शोधलं. ती शेतातून परत आली तेव्हा तिचं ताट वेगळं झालेलं होतं, आंघोळीची बादली वेगळी झालेली होती. तिसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. सिमकार्ड काढून विहिरीत टाकलं. सात महिने ती कुणाला सापडली नाही आणि सात महिने गोळी बंद. मला भेटली तेव्हा वजन ३४ किलो आणि छातीत टीबी. आज ती बरी आहे, कापूस वेचायला जाते. पण ते सात महिने तिला कुणी परत दिले नाहीत.

तो संदेश ज्याने पाठवला त्याने त्याचं काम नीट केलं होतं. तारीख बरोबर, नंबर बरोबर. फक्त नोंदणीच्या दिवशी तिला कुणी विचारलं नव्हतं की बाई, हा फोन कुणाचा?

साहेब, आमच्याकडे फोन घराचा असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने (२०१९ ते २१) हेच मोजून सांगितलं आहे : ग्रामीण भारतात निम्म्याहून कमी बायकांजवळ स्वतः वापरता येईल असा मोबाईल आहे. रजिस्टरमध्ये मात्र प्रत्येक नावापुढे दहा आकडे लिहिलेले असतात, आणि ते आकडे त्या बाईचेच, असं धरून कारभार चालतो. मी माझ्या यादीतल्या बायकांना एकेक करून विचारलं. कुणी नवऱ्याचा नंबर दिलेला, कुणी शेजारणीचा, एकीने किराणा दुकानदाराचा. “ताई, मले मेसेज नोको टाकू, फोन पोराच्या हाती रायते,” हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे की आता नव्या पेशंटला मी पहिला प्रश्न तोच विचारते.

तरीही मी फोनच्या विरोधात नाही. उलट, फोन नसता तर मार्च २०२० नंतरचे ते महिने आम्ही काढले नसते. एसटी बंद, रस्त्यावर नाकेबंदी, आणि पेशंटच्या डबीत आठ-दहा गोळ्या उरलेल्या. तेव्हा आम्ही रात्री उशिरापर्यंत फोन लावत बसायचो. कुणाकडे किती गोळ्या आहेत ते एका वहीत लिहायचं, सकाळी केंद्रातून पिशव्या घ्यायच्या, पास दाखवत मोटरसायकलवर निघायचं. गावाच्या बाहेर, पांदणीवर, ठरलेल्या वेळी माणूस उभा असायचा. हे सगळं फोनवर ठरायचं. कुठलं ॲप नव्हतं. त्या काळात माझ्या यादीतल्या एकाचीही गोळी आमच्या बाजूने चुकली नाही, हे मी अभिमानाने सांगते.

एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी आम्हाला एचआयव्हीच्या रुग्णांना फोन आणि संदेश पाठवण्याबद्दलचे दोन अभ्यास सांगितले होते. घरी आल्यावर मी मुलीला ते इंटरनेटवर शोधायला लावले आणि दोघींनी बसून वाचले. पहिला केनियातला, २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. ५३८ रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांना दर आठवड्याला फोनवर एकच शब्द जायचा, ‘मांबो?’ म्हणजे आपल्याकडचं ‘काय, कसं काय?’ आजाराचं नाव नाही, गोळीचं नाव नाही. दोन दिवसांत उत्तर द्यायचं : ‘सावा’ म्हणजे बरं आहे, ‘शिदा’ म्हणजे अडचण आहे. ज्याने अडचण कळवली किंवा उत्तरच दिलं नाही, त्याला नर्स स्वतः फोन करायची. वर्षभराने पाहिलं तर संदेश जाणाऱ्यांत गोळ्या नेमाने घेणारे ६२ टक्के होते, इतरांत ५० टक्के. विषाणू दबलेले ५७ टक्के आणि ४८ टक्के.

दुसरा आपल्याच देशातला, दक्षिणेतल्या तीन ठिकाणचा, २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला. ६३१ रुग्ण, दोन वर्षं. इथे दर आठवड्याला यंत्राकडून ध्वनिमुद्रित फोन जायचा, लोकांच्या भाषेत, आणि जोडीला एक चित्र. दोन वर्षांनी ज्यांना फोन जात होते आणि ज्यांना जात नव्हते, त्यांच्या उपचाराच्या निकालात फरक निघाला नाही.

मी संशोधक नाही. दोन देश वेगळे, माणसं वेगळी, हे मला कळतं. पण मी हे दोन्ही वाचले तेव्हा माझ्या कामातलं एक कोडं सुटलं. आठवण द्यायला यंत्र पुरतं, पण आमचे लोक आठवण नाही म्हणून गोळी सोडत नाहीत. गोळी ते सोडतात कारण सासूने डबी पाहिली. कारण दारू पिणाऱ्या नवऱ्याने केंद्रात जायचे पैसे घेतले. कारण मजुरी बुडवून पेशंट गेला आणि तिथे त्याला दुपारी चारपर्यंत बसवून ठेवलं. यातलं एकही कारण ध्वनिमुद्रित आवाजाला सांगता येत नाही. केनियातल्या त्या एका शब्दामागे नर्स होती, आणि ‘शिदा’ असं कळवलं तर ती फोन करणार हे पेशंटला माहीत होतं.

आम्ही इथे तसंच काहीसं करत आलो आहोत, नकळत. माझ्या यादीतली एक मावशी आहे, तिच्याकडे दोन एकर कोरडवाहू कपाशी. आमच्याकडे तिला पऱ्हाटी म्हणतात. तिचं आणि माझं ठरलेलं आहे. मी विचारते, “मावशी, पऱ्हाटी कशी आहे?” ती म्हणते, “बरी आहे.” म्हणजे गोळी चालू. ज्या दिवशी ती “अळी पडली” म्हणते, त्या दिवशी मी गाडी काढते. फोन कुणीही उचलो, स्पीकरवर असो, पऱ्हाटीची चौकशी करणाऱ्या बाईचा संशय यवतमाळ जिल्ह्यात कुणाला येत नाही. प्रत्येकाने आपापला शब्द निवडला आहे. एकाची म्हैस आहे. एकीचं बचत गटाचं पुस्तक आहे. एका तरुण पोराने क्रिकेटचा स्कोअर निवडला. शब्द त्यांनी निवडला म्हणून ते फोन उचलतात. केंद्राच्या नंबरवरून फोन आला तर त्यांतले निम्मे उचलत नाहीत.

जिथे हे सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल आणि जिथे आपण सगळ्यांत जास्त माणसं गमावतो, ती जागा म्हणजे पहिलटकरणीचं बाळंतपण. गरोदरपणात तपासणी होते आणि पॉझिटिव्ह निघालेल्या बाईला लगेच गोळ्या सुरू होतात. उपचार नसले तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. उपचार नीट झाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे या एका कामात आपण जवळजवळ जिंकलेलो आहोत. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी जाते ती वणी सोडून पुसदला, नाहीतर थेट सीमेपलीकडे आदिलाबादला. नोंद सासरच्या तालुक्यात. बाळाला जन्मल्यापासून द्यायचं औषध माहेरच्या दवाखान्यात. सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घ्यायचे, ते कोण घेणार? अहवाल कुणाकडे येणार? मग अठरा महिन्यांपर्यंत पुन्हा पुन्हा तपासणी, तेव्हा कुठे बाळ सुटलं की नाही ते नक्की कळतं. माहेरी गेल्यावर ती आईचा नाहीतर भावाचा फोन वापरते, आणि आमच्याकडे असलेला सासरचा नंबर लावला तर सासू विचारते, “कोण बोलते? काऊन पाह्यजे तुमाले ते?”

एका मुलीचं बाळ मी असंच नऊ महिने शोधत होते. शेवटी तिच्या वर्गमैत्रिणीकडून माहेरच्या गावाचं नाव मिळालं. बाळाची तपासणी निगेटिव्ह आली आणि मी त्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून रडले. पण नशिबावर चालणारी ही पद्धत आहे, साहेब. गरोदर बाईच्या नोंदीत एक रकाना वाढवा : बाळंतपण कुठे होणार, आणि तिथे तिच्यापर्यंत गुपचूप पोहोचेल असा नंबर कोणता. सातव्या महिन्यात सासरच्या तालुक्यातल्या समुपदेशकाने माहेरच्या तालुक्यातल्या समुपदेशकाला स्वतः फोन करावा आणि त्या दोघींची व त्या मुलीची एकदा फोनवर ओळख करून द्यावी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या ‘सोच’ प्रणालीत रुग्णाची नोंद संगणकावर असते, हे मला माहीत आहे. संगणकाला ती मुलगी गेली हे कळतं. माहेरी कुणीतरी तिची वाट पाहत असेल, अशी सोय मात्र माणसालाच करावी लागते.

कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, गोष्ट आणखी वेगळी. झरी जामणीच्या काही पोडांवर फोनला रेंज मिळायला टेकडी चढावी लागते. म्हाताऱ्या माणसांना मराठी कळते, पण मनातलं ते कोलामीत बोलतात. लिखित संदेश तिथे कुणी वाचत नाही. मेळघाटात कोरकूंचं तेच, भामरागडला माडियांचं तेच. तिथल्या पोडावरची, कोरकूंच्या ढाण्यातली (वस्तीतली) एखादी शिकलेली मुलगी, आपल्या भाषेत फोनवर दोन वाक्यं बोलली तर जे होतं ते पाच छापील पत्रकांनी होत नाही. आशा ताई आहेत, पण काही पेशंट आशाला कळू नये म्हणून तर तालुका सोडून दुसऱ्या केंद्रात नाव घालतात, हेही लक्षात ठेवावं लागतं. म्हणून कुणी फोन करायचा हेसुद्धा पेशंटनेच सांगावं.

एसटीचं उदाहरण देते. एचआयव्हीच्या रुग्णांना एसटीत प्रवास सवलत आहे. चांगली योजना आहे. पण कार्ड कंडक्टरला दाखवावं लागतं, आणि त्या मार्गावरचा कंडक्टर शेजारच्या गावचा असतो. म्हणून माझ्या यादीतल्या बायका महिलांचं अर्धं तिकीट काढून जातात आणि पुरुष पूर्ण. योजना कागदावर राहते ती पैशाअभावी नाही, ओळख उघड होईल या भीतीने.

आता रोगप्रतिबंधाबद्दल. पूर्वी आम्ही हायवेवरच्या ढाब्यांवर, ट्रक थांब्यांवर जायचो. कंडोमची पेटी, पत्रकं, पथनाट्य. तो धोका आजही आहे, पण आता तरुण पोरांच्या ओळखी फोनवर होतात. भेट कुठे ठरली हे कोणत्याही नकाशावर दिसत नाही. वणी, हिंगणघाट, बल्लारपूर अशा गावांतली पोरं फोनवर प्रश्न विचारतात, तोंडावर कधीच विचारत नाहीत. मला रात्री अकराला अनोळखी नंबरवरून विचारतात, “मॅडम, असं झालं तर होते का?” त्यांना १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे हेच ठाऊक नसतं. तो नंबर कॉलेजच्या भिंतीवर, बसस्थानकाच्या मुतारीत, पानटपरीच्या पाटीवर रंगवायला फार खर्च येत नाही. आणि त्या नंबरवर वऱ्हाडी बोलणाऱ्याला समजून घेणारं कुणी असावं.

दुसरीकडे त्याच फोनवर ‘एड्स मुळापासून बरा’ म्हणणारे काढे विकले जातात. माझे दोन पेशंट त्या काढ्याच्या नादी लागून गोळ्या सोडून बसले. त्यांतला एक राहिला नाही. एड्स बरा करण्याचा दावा करून औषध विकायला कायद्याने मनाई आहे, औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जे’ मध्ये या आजाराचं नाव आहे. ते व्हिडिओ कोण बंद करणार? आम्ही दुरुस्ती करत फिरतो, पण व्हिडिओ आमच्या आधी पोहोचलेला असतो. अन्न व औषध प्रशासनाला याबाबत आपल्याकडून पत्र गेलं तर त्याचं वजन पडेल.

आणि एक गोष्ट जी फोनवरून सांगायलाच हवी, ती आम्ही अजून पुरेशी सांगितली नाही. नेमाने गोळी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तेव्हा लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस नीट झोपले नव्हते, इतकं हलकं वाटलं होतं. वर्षातून एकदा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, तपासतात. तो अहवाल पेशंटला कळवणाऱ्या आवाजात ही बातमी असायला हवी. “रिपोर्ट नॉर्मल” एवढं सांगून फोन ठेवणं म्हणजे त्याच्या हक्काचं सुख त्याला न देणं.

मंत्रीमहोदय, यासाठी नवं ॲप नको. २०२१ साली अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले ते आपल्याला आठवत असेल. फोन चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं. त्या आमच्याच बहिणी आहेत. मला हवं ते असं. फिरतीवर काम करणाऱ्या प्रत्येकीला कार्यालयाचं सिमकार्ड द्या आणि त्याचं रिचार्ज वेळेवर करा. आज मानधनातून आम्ही ते स्वतः करतो, आणि मानधन तीन-तीन महिने येत नाही तेव्हा पेशंटचे फोनही थांबतात. प्रत्येक जिल्ह्यात एक असा नंबर ठेवा की मिस कॉल दिला तर त्याच दिवशी ओळखीचा माणूस परत फोन करेल. पेशंटच्या खिशात रिचार्ज नसतं, मिस कॉल मात्र कुणीही देऊ शकतो. एका कार्यकर्तीकडे किती जण असावेत याची मर्यादा ठरवा, कारण दोनशे जणांची पऱ्हाटी एकटीला लक्षात राहत नाही. आणि पदं भरा. रिकाम्या खुर्चीवर फोन वाजत राहिला तर त्याचा उपयोग नाही.

या सगळ्याला पैसे लागतील, वेळ लागेल, हे मी समजते. पण एका गोष्टीला काहीच लागत नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आमच्या संमतीशिवाय आमची स्थिती उघड होऊ नये आणि आमची माहिती जपली जावी, हे त्यात लिहिलेलं आहे. रुग्णाच्या फोनवर गेलेला संदेश हीसुद्धा उघड झालेली माहितीच आहे. म्हणून आपण एक परिपत्रक काढावं, एका पानाचं : रुग्णाला पाठवायच्या कोणत्याही संदेशात आजाराचं, औषधाचं, केंद्राचं नाव नसेल, पाठवणाऱ्याच्या नावातही ते नसेल. नोंदणीच्या दिवशी रुग्णाला चार प्रश्न विचारून उत्तरं लिहून घेतली जातील : फोन कुणाचा, कोणत्या वेळी लावायचा, कुणी लावायचा, आणि कोणता शब्द वापरायचा. फोन नको म्हणणाऱ्याचा नकारही लिहिला जाईल आणि त्यासाठी त्याचा उपचार अडणार नाही. तीन महिन्यांनी हेच प्रश्न पुन्हा, कारण नंबर बदलतात आणि घरंही बदलतात. हे परिपत्रक येत्या १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या, आत प्रत्येक केंद्रात पोहोचावं, एवढी विनंती.

आपली विश्वासू,
एक क्षेत्रीय कार्यकर्ती,
तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ